उंदराचे तोंड आणि कामगाराचे तोंड



कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस आज उंदराच्या तोंडाविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि दवाखान्याच्या बाकावर. हा विषयही त्या बाकावरच मिळाला.

आपल्या भाईंदरात स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तेथील बफिंगच्या खात्यातला एक कामगार दम्यासाठी रोज पंप ओढी. एके दिवशी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, पंप फेकून देतो." जिभेवर व टाळ्यावर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे उठले होते. तंबाखूची सवय, म्हणून घरात कॅन्सरची धास्ती. शेजारी त्याहून वाईट कुजबुजत होते. डॉक्टरांनी चट्टा पुसून पाहिला व सांगितले, "ही बुरशी आहे. पंपात स्टेरॉइड असते, ते तोंडात राहते. पंप सोडू नका. ओढल्यावर चूळ भरून थुंका."

पंपाने असे चट्टे येतात, हे माणसांतच दिसून आले होते. पण का येतात? त्या 'का'चा शोध घेताना आम्ही उंदरापाशी येऊन पोहोचलो.

या बुरशीचे नाव कॅन्डिडा. ती बाहेरून येणारी चोर नव्हे. पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडात ती निमूटपणे राहते. प्रयोगशाळेतल्या निरोगी उंदराच्या तोंडात मात्र ती मुद्दाम चोळली तरी सहसा टिकत नाही. म्हणून संशोधक आधी उंदराला स्टेरॉइड देऊन त्याची प्रतिकारशक्ती दुबळी करतात; काही प्रयोगांत प्रतिजैविके देऊन तोंडातले इतर जंतूही हटवतात. मग बुरशी लावली की चट्टे धरतात. उंदराला आजारी पाडण्यासाठी जे करावे लागते, तेच आजाराचे कारण सांगून जाते. बुरशी होतीच, पहारा उठला, म्हणून ती माजली.

हा पहारा कोणाचा? २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की शरीरातला आयएल-१७ नावाचा निरोप पोहोचला नाही तर तोंडातली बुरशी आवरत नाही. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तेवढ्यावर कोणी निकाल दिला नाही. २०११ साली, जन्मापासून बुरशीने बेजार असलेल्या काही माणसांत त्याच निरोपाच्या मार्गात आनुवंशिक दोष सापडला. सोरायसिसवर हाच निरोप अडवणारी औषधे देतात. ती घेणाऱ्या काहींना तोंडात बुरशी होते. तेव्हा उंदराची साक्ष माणसाच्या साक्षीशी जुळली.

औषधांचीही हीच कथा. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोघी मातीतून बुरशी मारणारे पदार्थ शोधत होत्या. काचेच्या बशीत बुरशी मारणारे पुष्कळ निघाले. परंतु त्यांतले बरेचसे प्रयोगाच्या प्राण्यांनाही मारीत. त्या चाळणीतून जे उतरले ते निस्टॅटिन. १९५० साली ते जाहीर झाले. आपल्या पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तेथे डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या जंतूपासून ते मिळाले त्याच्या नावात पिंपरी आहे, औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे आहेत. सरकारी कारखान्यातून काय निघते, असे विचारणारांना आम्ही हे उत्तर देतो.

कोणी विचारील, मुक्या प्राण्यांचे हाल करून मिळवलेले ज्ञान आम्ही का मिरवावे? प्रश्न रास्त आहे. १९५९ साली रसेल व बर्च या दोघांनी तीन नियम सांगितले: जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, लागतील तितकेच प्राणी घ्या, आणि त्यांचे क्लेश कमी करा. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, १९९८ साली प्रयोगांचे नियम आले. आज तोंडाच्या पेशींचे थर काचपात्रात वाढवून त्यांवरही बुरशी तपासतात. परंतु त्या थराला लाळ नाही, रक्त नाही, पहारेकरी नाहीत. म्हणून उंदीर अजून पुरता सुटलेला नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने नियम पाळले जातात की नाही हे पाहणे, हे आमच्या धंद्यातलेच काम आहे.

आणि ज्ञान मिळाले तर ते वापरले पाहिजे. नाहीतर त्या प्राण्याचे मरणे फुकट. २०२१ साली काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कित्येकांचे जबडे, डोळे नेले. ती बुरशी निराळी. पण तेथेही बेसुमार साखर आणि स्टेरॉइड यांनी पहारा मोडला होता. तेव्हा, मित्रहो, तोंडात पांढरे चट्टे दिसले तर लपवू नका. पंप ओढल्यावर चूळ भरा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. रक्तातली साखर तपासा. आणि चट्टा नुसता औषधाने घालवून थांबू नका. पहारा का उठला, हे डॉक्टरांना विचारा.

तो कामगार बरा झाला. पंप चालू आहे. पण बफिंगच्या खात्यात धूळ ओढून घेणारा पंखा अजून बसलेला नाही. त्याच्या दम्याचा शोध घ्यायला उंदीर लागत नाही. ते काम आमचे आहे, आणि उद्या सकाळी आम्ही त्यासाठीच कारखान्याच्या दारात असू.