हृदयाचा कासरा



आधी एक विनंती. मनगटावर तीन बोटं ठेवा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी किंचित जलद होते, बाहेर सोडताना मंदावते. तरुणांना हा फरक चटकन जाणवेल.

हा ठोका हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका बारीक गाठीतून उठतो. कीथ आणि फ्लॅक यांनी ती १९०७ साली दाखवून दिली. तिला मेंदूचा हुकूम लागत नाही. सगळ्या नसा तोडल्या तरी ती चालतच राहते, आणि चालते मिनिटाला शंभरच्या आसपास! मग बसल्या जागी आपली नाडी सत्तर-बहात्तर कशी? मेंदूतून उतरणारी व्हेगस नस त्या गाठीला सारखी आवरून धरते म्हणून. बैल स्वतःच्या बळावर धावतो, गाडीवान कासरा ओढून असतो, तसं हे. माणूस दचकला, चढ चढला, की आधी कासरा सैल सुटतो. वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा जोर मागाहून, काही सेकंदांनी लागतो.

नस हृदयाला सांगते तरी कसं? १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवली. ते हृदय मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. निरोप रसायनातून जातो, हे त्या पाण्यानं सिद्ध केलं.

आता आपल्या चिकोडी-निपाणीच्या मुलखाकडे येतो. व्हेगस आणि सिंपथेटिक नसांच्या या स्वायत्त मज्जासंस्थेला तिचं नाव दिलं केंब्रिजच्या लँग्ली यांनी, १८९८ साली. कुठली नस वाटेतल्या कुठल्या मज्जागाठीत थांबते, हे त्यांनी शोधलं ते निकोटिन लावून. म्हणजे निपाणीच्या वखारींत पोत्यांनी भरलेल्या जर्द्यातलंच द्रव्य! ते आवरणाऱ्या आणि वेग वाढवणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या मज्जागाठींना छेडतं. पण विडी ओढणाऱ्यात सिंपथेटिकची सरशी होते, अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी चढते. विडीनं जिवाला शांत वाटतं म्हणतात. हृदयाला तसं वाटत नाही.

विडी न ओढणारेही सुटत नाहीत. निकोटिन पाण्यात विरघळतं. दवानं किंवा घामानं ओल्या झालेल्या तंबाखूच्या हिरव्या पानातून ते कातडीवाटे अंगात शिरतं. मग मळमळ, उलटी, घेरी, छातीत धडधड. पुष्कळदा हे ऊन लागलं म्हणून सोडून दिलं जातं. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला. ती लढाई न्याय्यच होती. पण ते पान हाताळणाऱ्या बायाबापड्यांच्या हृदयाविषयी आपण फार कमी बोललो, हे मला सलतं.

म्हणून मळेवाल्यांना हात जोडून सांगतो: दव उतरल्याशिवाय माणसं तंबाखूत घालू नका. त्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातपाय धुवायला साबण द्या. आणि मायभगिनींनो, शेतातून येऊन घेरी आली, छाती धडधडली, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा, ‘डॉक्टर, मी आज तंबाखूत होते.’