व्यसन कोणाचे, मोजपट्टी कोणाची?



समाजमाध्यमांच्या व्यसनाची चर्चा निघाली की दोन सूर हमखास ऐकू येतात. तरुण पिढीचा संयम सुटला, हा एक. आणि पश्चिमेचे लोण आपल्या घरात शिरले, हा दुसरा. दोन्ही सूर सोयीचे आहेत, कारण दोष एक तर मुलाचा ठरतो किंवा परक्याचा. उपलब्ध पुरावा मात्र निराळे सांगतो.

सेसिलिया चेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ देशांतील पाहण्या एकत्र तपासून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यक्तिवादी मानल्या जाणाऱ्या देशांत या व्यसनाचे प्रमाण १४ टक्के, तर कुटुंब व समूह यांना अग्रक्रम देणाऱ्या देशांत ३१ टक्के आढळले. मग पूर्वेकडील माणूस दुबळ्या मनाचा ठरतो काय? मुळीच नाही. त्याच अभ्यासात निकष कडक लावला की एकूण प्रमाण ५ टक्के भरते आणि सैल लावला की २५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात संगणकीय खेळांच्या अतिरेकाला स्थान आहे. समाजमाध्यमांच्या व्यसनाला नाही.

एक प्रचलित मोजपट्टी नॉर्वेतील बर्गेन येथे तयार झाली. तिच्या सहा प्रश्नांपैकी एक असा की, माध्यम वापरता आले नाही तर बेचैनी येते का? बर्गेनचा विद्यार्थी करमणुकीवाचून बेचैन होईल. आखातात राबणाऱ्या मुलाच्या निरोपाची वाट पाहणारी रत्नागिरीची आईही बेचैन होईल. पट्टीवर दोघांची नोंद एकच. जेथे नात्यागोत्यातील निरोपाला उत्तर न देणे हा अपमान समजला जातो, तेथे माध्यम सोडणे म्हणजे माणसे सोडणे होय.

परिस्थितीचाही विचार केला पाहिजे. चेंग यांच्याच २०१४ मधील, ३१ देशांविषयीच्या अभ्यासात असे दिसले की, जेथे प्रदूषण अधिक, प्रवासात वेळ अधिक जातो आणि जीवनाविषयी असमाधान अधिक, तेथे इंटरनेटचे व्यसनही अधिक. आपल्या देशात २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले. खेळाची मैदाने व वाचनालये मात्र त्या वेगाने वाढली नाहीत.

अर्थात समस्या काल्पनिक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ताबा सुटलेल्या वापराचे किशोरवयीनांमधील प्रमाण २०१८ साली ७ टक्के होते; २०२२ साली ते ११ टक्क्यांवर गेले. मुलींत ते १३ टक्के, मुलांत ९ टक्के होते. जाहिरातदाराला माणसाचे लक्ष विकणे हा ज्या कंपन्यांचा धंदा, त्यांनी न संपणारा पडदा बर्गेनसाठी वेगळा आणि बीडसाठी वेगळा बनविलेला नाही. संस्कृती भिन्न आहेत. नफ्याचा हिशेब एकच आहे.

म्हणून उपायही दोन दिशांनी हवा. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख माध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली. वयोमर्यादेविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु दंडाची तरतूद मुलांवर वा पालकांवर नसून कंपन्यांवर आहे, हे तत्त्व महत्त्वाचे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली दुसरी वाट दाखविली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि दीड तास दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवायचे, असे गावाने ठरविले. यातील मर्म असे की, सारेच थांबले म्हणजे थांबणारा कोणीही एकटा पडत नाही. जेथे समूहाची ओढच माणसाला पडद्याशी बांधते, तेथे सुटकेचा मार्गही समूहानेच काढावा लागतो.

कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना उपदेश बाजूला ठेवावा. मुलांना संध्याकाळी जाण्याजोगी जागा कोठे आहे, हे आधी विचारावे. ती नसेल तर नगरपालिकेकडे वा ग्रामपंचायतीकडे मागावी, आणि मोबाइल बाजूला ठेवण्याची वेळ साऱ्या वस्तीने मिळून ठरवावी. कंपन्यांना जाब विचारण्याचे बळही अशाच एकत्र येण्यातून उभे राहील.