गाव सोडल्यावर काय उरतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला ‘परदेशातली मराठी संस्कृती’ हा विषय दिला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, चौदा वर्षं अमेरिकेत आहे. पण सुरुवात करते ती आपल्याच भागातून आपल्याआधी परदेशी गेलेल्यांपासून.

माझं माहेर पेण आणि आठवीपासूनची शाळा ही, रोह्याची. पेणकर, रोहेकर ही आडनावं आपल्या ओळखीची. बेने इस्रायली लोकांमध्येही ती आहेत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याकडे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असं ते परंपरेने सांगतात. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे लग्नाच्या वेळी काही धर्मगुरू त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेत. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ साली तिथल्या सरकारने त्यांना बरोबरीचे यहुदी म्हणून मान्यता दिली. एवढं सोसूनही त्यांनी कोकण टाकलं नाही.

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी बीरशेब्याला गेले होते. एका सहकाऱ्याच्या आत्याने नवं घर घेतलं म्हणून मलिदा होता. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि भोवती फळं. एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांची आठवण करून प्रार्थना झाली. याच प्रेषिताच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याला दाखवतात. घरातल्या आजींनी विचारलं, “कुठली गं तू?” म्हटलं, “पेणची.” “मग आमचीच की! आम्ही पेणकर.”

इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं. त्या घरात ते वाचणाऱ्या फक्त आजी. नातवंडं हिब्रूत बोलत होती. पण नारळ कुणी खवायचा, पोहे कुणी कालवायचे, ताट कुणाकडे आधी न्यायचं, हे त्या पोरांना कुणी सांगावं लागलं नाही.

यावरून मला वाटतं, भाषा तिसऱ्या पिढीत बहुधा पातळ होते. पण ज्यात प्रत्येकाच्या हाताला काम असतं, ते टिकतं. नुसतं बघायचं असतं, ते टिकत नाही.

आमच्या गावच्या मंडळात गणपतीला मुलांचे नाच होतात, बहुतेक सिनेमातल्या गाण्यांवर. आईवडील मोबाइलवर शूटिंग करतात आणि पुढच्या वर्षी नवं गाणं बसतं. रविवारच्या मराठी वर्गाला माझा मुलगा कुरकुरत जातो. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी पुण्याहून तीस लेझिमा मागवल्या. मला जे येत होतं ते याच मैदानावर शिकलेलं. पीटीच्या सरांनी सव्वीस जानेवारीसाठी उन्हात उभं करून घेतलेले चार ठोके, आठ ठोके, बसून, गिरकी घेऊन. हात आपोआप चालले. आता दर रविवारी मुलंच आधी येऊन रांगा लावतात. एकाचा ठोका चुकला की सगळ्यांना ऐकू येतो, त्यामुळे कुणी मागे राहत नाही. मुलाचं मराठी अजून मोडकंच आहे, पण ठोके मोजतो ते मराठीतच.

म्हणून एक मागणं आहे. सर, आपल्या शाळेची लेझीम हल्लीच्या मुलांकडून एकदा पूर्ण करून घ्या आणि आम्हाला तिचं शूटिंग पाठवा. निम्मे प्रकार मला आठवत नाहीत. आणि वर्गमित्रांनो, तुमच्यापैकी जे इथेच राहिलात, त्यांनी गौरीचा नाच, खालूबाजा आपल्या मुलांना दाखवू नका, त्यांत उभं करा. आम्ही दूर राहून जे धरून ठेवू, त्याचं मूळ इथे जिवंत असायला हवं.