वजनाचा काटा आणि पॉलिसीची अट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे दुसऱ्याच्या वजनावर बोलायला कुणालाच परवानगी लागत नाही. लग्नकार्यात भेटलेल्या दूरच्या काकूही जाता जाता ‘भात सोड’ असं सांगून जातात. पण वजन कमी करण्यासाठी ऑपरेशन, असा शब्द निघाला की घरात दार लोटून बोलणं सुरू होतं. मी नोकरीची बरीच वर्षं विम्याच्या क्लेम खात्यात काढली. त्यामुळे अशा वेळी नातेवाइकांचा फोन मला येतो.

माझी भाची २३ वर्षांची. उंची १६० सेंटिमीटर, वजन ९६ किलो. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा फोन आला, ‘‘दादा, लग्नाआधी हे उरकून टाकू. पैसे विम्यातून मिळतील ना?’’ मागून भाचीचा आवाज, ‘‘मामा, लग्नाचं राहू दे. मला तीन जिने न थांबता चढायचेत. त्याचं काय ते सांग.’’

मी आधी हिशेब केला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. तिचा आला बरोबर ३७.५. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून भारतातले सर्जन ३७.५ पासून, आणि जोडीला लठ्ठपणाचे आजार असतील तर ३२.५ पासून ऑपरेशनचा विचार करतात. २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तर ही मर्यादा आणखी खाली आणली. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने भाची उंबरठ्यावर होती.

विम्याचा उंबरठा मात्र वेगळा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९मध्ये पॉलिसीतून वगळायच्या गोष्टींची एकसारखी भाषा ठरवून दिली. त्यानुसार रुग्ण १८ वर्षांचा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ च्या पुढे असेल, तर साधे उपाय करूनही उपयोग झालेला नसावा आणि जोडीला चारपैकी एक आजार असावा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. भाचीला पीसीओडी आहे, गुडघे दुखतात. या यादीत दोन्ही नाहीत.

ती घोरते आणि दुपारी ऑफिसात पेंगते, हे ऐकून डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडला तर विकार तीव्र धरतात. तिचा आकडा आला २४. म्हणजे मध्यम. विम्याचं दार तिथेच बंद झालं.

मग एका ओळखीच्या एजंटाने सल्ला दिला, ‘‘साडेसहा किलो वाढवा. बीएमआय ४० होतो, फाईल पास.’’ हिशेब अचूक होता. बहीण क्षणभर विचारातही पडली. मी तिला म्हटलं, सर्जन ऑपरेशनआधी वजन उतरवायला सांगतात, कारण यकृताची सूज उतरली की दुर्बिणीला वाट मिळते. भूल देणंही कमी जोखमीचं होतं. तू पोरीला उलट दिशेने पाठवणार का? तो विषय तिथेच मिटला. नवी पॉलिसी घेताना आजार लपवण्याचा मार्गही असाच. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ती सोसावी, पण फॉर्मवर खोटं लिहू नये. क्लेमच्या वेळी जुने केसपेपर निघतातच.

मग प्रश्न उरला, पदरचे पैसे घालून करायचं का? आणि कोणतं? सर्जनकडे मी सोबत गेलो होतो. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढतात. ऑपरेशन तुलनेने सुटसुटीत, पण आधीच जळजळ असेल तर ती वाढू शकते. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेह आणि जळजळ यांत त्याचा फायदा जास्त, पण लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी पडण्याचा धोकाही जास्त. दोन्हींत गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भारपण टाळायचं असतं, हे ऐकून ‘लग्नाआधी उरकून टाकू’ म्हणणारी बहीण गप्प झाली. इंजेक्शनचाही पर्याय निघाला. टिर्झेपटाइड २०२५मध्ये आपल्याकडे आलं. पण औषध थांबवलं की वजन परत येऊ लागतं, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या अशा औषधांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

बहीण एफडी मोडायला तयार होती. भाचीने थोडा वेळ मागून घेतला. सहा महिने आहारतज्ज्ञ, चालणं आणि झोपेसाठी श्वासाचं यंत्र. त्यानंतर सर्जनला पुन्हा भेटायचं. पाचव्या महिन्यात वजन ९१ आहे. विम्याच्या ४० पासून ती आणखी लांब गेली. क्लेमवाला असूनही मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. जिने ती अजून एकदा थांबून चढते. ऑपरेशन करायचं की नाही, ते तीच ठरवणार आहे.

ज्यांच्या घरी हा विषय आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम स्वतः वाचा. मुलं फ्लोटर पॉलिसीत असतील तर वयाची मर्यादा पाहा, ती बऱ्याचदा २५ असते. नोकरीच्या ठिकाणी गट विमा असेल तर त्याच्या अटी वेगळ्या विचारा. आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या नोंदी तारखेसह जपून ठेवा, कारण साधे उपाय करून पाहिल्याचा पुरावा तोच. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्याला फी लागत नाही.

आणि एक विनंती. डॉक्टरांसमोर मुलाला किंवा मुलीला बोलू द्या. गोळ्या त्यांनाच घ्यायच्या आहेत, तुम्ही-आम्ही नसतानाही.