बंपर घरीच रंगवायचा? मग आधी हे ऐका

आजचा विषय आहे गाडीचा बंपर. बंपर फुटला, शोरूममध्ये किंमत विचारली आणि आकडा ऐकून गपचूप परत आलो, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांचं झालेलं असतं. मग कोणीतरी सांगतं, "भाऊ, बाहेरचा बंपर घे अन् रंग घरीच मार." वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, असा बंपर आता मोबाईलवरून घरपोच येतो. पण येतो काळा नाहीतर राखाडी.

घरी रंगवता येतो का? येतो. पण रंग मारायला अर्धा तास लागतो आणि तयारीला दोन दिवस. तयारी टाळली तर रंग पापडासारखा सोलून निघतो.

पहिलं काम म्हणजे बिनरंगाचा बंपर गाडीला लावून पाहायचा. बाहेरच्या मालात भोकं थोडी इकडेतिकडे असतात, कडा नीट बसत नाहीत. भोक मोठं करायचं, कड घासायची, ते सगळं आत्ताच करा. शिवाय रंग लावलेला माल दुकानदार परत घेत नाही.

जुना बंपर काढला की त्याच्या मागे बघा. तिथे एक आडवी पट्टी असते, बऱ्याच गाड्यांमध्ये लोखंडी. धडकेचा खरा मार ती खाते, बंपर म्हणजे फक्त वरचं कव्हर. ती पट्टी वाकली असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात वरचा चकचकीत रंग कामाला येत नाही, मागची पट्टी येते.

आता तयारी. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो, बहुतेक वेळा 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकला रंग सहजासहजी धरत नाही. त्यात कारखान्यात साच्यातून सुटावा म्हणून लावलेला चिकटपणा अंगावर राहिलेला असतो. म्हणून भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडून हलकं घासा, कोपरे सोडू नका. पुसा, वाळवा, आणि प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारा. भिंतीचा किंवा लोखंडाचा प्रायमर इथे चालत नाही. त्यावर साधा प्रायमर, तो वाळला की 800 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवा. हाताला काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. बोटाला जे खरखरीत लागतं, ते रंगानंतर डोळ्याला दिसतं.

रंग डोळ्याच्या अंदाजाने घेऊ नका. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. इंजिनच्या खोलीत किंवा दाराच्या खांबावर शोधा. मारुतीचा साधा पांढरा म्हणजे 26यू. साधा पांढरा घरी जमतो. चंदेरी किंवा मेटॅलिक असेल तर अवघड आहे, कारण हात थोडा जवळ-दूर झाला की छटा बदलते. आणि जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, गाडीला लावून बघा.

मारताना डबा वीतभर अंतरावर धरा. हात थांबवू नका, अर्धा पट्टा अर्ध्यावर चढवत जा. एकच जाड थर दिला तर ओघळ येतात. तीन पातळ थर द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आता आपल्याकडचं हवामान. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. रंग हवेतच वाळतो आणि बंपरवर रेतीसारखा बसतो. पावसाळ्यात ओलाव्याने वर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची सकाळ, नऊ ते अकरा, ही वेळ चांगली. फक्त शेजारच्या वावरात सोयाबीनची मळणी चालू नसावी. जमिनीवर आधी पाणी शिंपडा, धूळ बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचा चमकदार लॅकर दोन प्रकारचा मिळतो. हार्डनर मिसळायचा लॅकर टिकाऊ असतो, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ आणि तुषार श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा कोरोनातला मास्क त्याला अडवत नाही. म्हणून हा लॅकर घरी मारूच नका, ते काम पेंटिंग बूथ असलेल्या गॅरेजवाल्याला द्या. तिथे काम करणाऱ्या पोराने नीट मास्क घातलाय का, हेही बघा. तोही कोणाचा तरी भाऊ आहे.

साधा, बिनहार्डनरचा लॅकर घरी चालतो. तो थोडा कच्चा असतो, पेट्रोल सांडलं तर डाग पडतो, पण बंपरला पुरतो. तोही उघड्या अंगणातच मारायचा, वाफेचा मास्क लावून. आसपास गॅस, बिडी, देवघरातला दिवा काही नको. थिनरची वाफ क्षणात पेट घेते.

बसवताना दोघं जण लागतात, एकाने वजन धरायचं. किमान दोन दिवस वाळू द्या, बॅटरीची वायर काढा, फॉग लॅम्पचे कनेक्टर आठवणीने जोडा. जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नका, नवा संच स्वस्त मिळतो. नंबर प्लेट नवीन हाय सिक्युरिटी असेल तर तिचं लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही, ते अधिकृत केंद्रातच बसवून घ्या.

आणि आता हात लागलाच आहे तर समोर स्टीलचा गार्डही लावू, असं मनात येईल. नको. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत. त्यामुळे पायी चालणाऱ्याला जास्त मार लागतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही अडथळा येऊ शकतो.

थोडक्यात काय, घासणं, प्रायमर, रंग आणि बसवणं घरी करा, हार्डनर आणि वाकलेलं लोखंड जाणकाराकडे द्या. पैसे तिथेही वाचतात आणि फुफ्फुसंही. तुमच्या गाडीचा रंग कोणता आणि अडचण कुठे येते, ते कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!