१७६३ जोडप्यांचे ऋण
(आकाशवाणीवरील भाषण)



देहूरोडच्या माणसाला भोसरी परकी नाही. ऑर्डनन्स डेपोत किंवा आयुध निर्माणीत ज्याला नोकरी मिळाली नाही, असा आमच्याकडचा तरुण निगडी आणि चिंचवड ओलांडून बहुधा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच रुजू होतो. आणि सुटे भाग, ओतकाम, रंगकाम यांच्या कारखान्यांनी गजबजलेल्या त्या वसाहतीत एक वास्तू अशी आहे, की जिच्यावरून त्याची रोजची वाट जात असली तरी आत चालणाऱ्या कामाची वार्ता त्याच्यापर्यंत सहसा पोहोचलेली नसते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९२ साली येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. आज तिचे नाव बदलले आहे, परंतु लोकांच्या तोंडी ती इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेल्या ‘नारी’ या नावानेच राहिली. या संस्थेचा ज्यात प्रत्यक्ष सहभाग होता, अशा एका संशोधनाविषयी आज मला बोलावयाचे आहे, कारण त्याचा निष्कर्ष जगभरच्या वैद्यकाने स्वीकारला, पण तो आमच्या चाळींत आणि वस्त्यांत अद्याप नीटसा उतरलेला नाही.

प्रश्न असा होता. एचआयव्हीवरील औषधांनी रुग्णाचे आयुष्य वाढते, हे या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेले होते, आणि आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ती मोफत देण्यास प्रारंभही केला होता. मात्र औषधे महाग, त्यांचे दुष्परिणाम पुष्कळ, म्हणून रक्तातील सीडी-४ नावाच्या रक्षक पेशी बऱ्याच घटल्यावाचून ती सुरू करू नयेत, असा तेव्हाचा दंडक होता. रुग्ण हिंडता-फिरता असतानाच औषध सुरू केले, तर त्याचे स्वतःचे हित होईल ते होईलच, पण त्याच्या जोडीदाराचेही रक्षण होईल काय? तसे अनुमान अनेकांनी बांधले होते. निर्णायक पुरावा मात्र कोणापाशी नव्हता.

तो मिळविण्यासाठी अमेरिकेतील डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांतील तेरा केंद्रांवर १७६३ जोडप्यांची नोंद करण्यात आली. भारतात त्यासाठी चेन्नई आणि पुणे ही दोन शहरे निवडली गेली, आणि संशोधकांच्या नामावळीत ‘नारी’च्या डॉ. शीला गोडबोले व डॉ. संजय मेहेंदळे यांची नावे आहेत. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण झालेली होती, दुसरा निरोगी होता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटातील बाधित व्यक्तीस तत्काळ औषध दिले, तर दुसऱ्या गटात, प्रचलित दंडकास अनुसरून, पेशी घटेपर्यंत अथवा आजाराची चिन्हे दिसेपर्यंत वाट पाहिली. दोन्ही गटांना समुपदेशन आणि निरोध यांचा पुरवठा सारखाच होता.

या व्यवस्थेचे मोल कागदावरून कळावयाचे नाही. ज्या समाजात या रोगाचे नाव उच्चारतानाही आवाज खाली जातो, त्या समाजातील नवरा-बायकोने दर तीन महिन्यांनी दवाखान्यात यावे, शक्यतो दोघांनी मिळून यावे, एकाने गोळ्यांचा हिशेब द्यावा आणि दुसऱ्याने आपल्या रक्ताची परीक्षा पुन्हा द्यावी, आणि शय्येवरच्या गोष्टी परक्या माणसापुढे उघड बोलाव्यात, याला किती धैर्य लागले असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. ही वाट त्यांनी वर्षानुवर्षे चालून दाखविली.

हा प्रयोग २०१५ पर्यंत चालावयाचा होता. परंतु त्यावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने २०११ सालीच निकाल जाहीर करण्याची शिफारस केली, कारण तो इतका स्पष्ट होता की लपवून ठेवणे अन्यायाचे झाले असते. जोडीदाराकडूनच आलेली लागण कोणती, हे दोघांच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून ठरविण्यात आले होते. अशी प्रकरणे एकूण २८ आढळली. त्यांपैकी २७ ही औषध उशिरा मिळालेल्या गटातील होती आणि लवकर औषध मिळालेल्या गटातील केवळ एक. संसर्गाचा धोका शेकडा ९६ इतका घटला होता. दुसऱ्या गटालाही तेव्हाच औषध देऊ करण्यात आले. पुढे २०१६ साली अंतिम अहवाल आला, त्यात ज्यांच्या रक्तातील विषाणू औषधाने स्थिरपणे दबलेला होता, अशा एकाही व्यक्तीकडून जोडीदाराला लागण झाल्याचे आढळले नाही.

त्या सत्तावीस जणांपाशी मला क्षणभर थांबावेसे वाटते. संशोधकांनी कोणताही नियम मोडला नव्हता, त्या काळी मान्य असलेलीच रीत त्यांनी पाळली होती. तरी आज आपल्याला जे निःशंकपणे सांगता येते, त्यात या सत्तावीस माणसांच्या आयुष्यभराच्या गोळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली, आणि आपल्या देशाने २०१७ साली, निदान होताच प्रत्येकास औषध देण्याचे धोरण स्वीकारले, ते या आणि अशाच अन्य पुराव्यांच्या आधारावर.

संशोधन तेथेही थांबलेले नाही. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील चाचणीत लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदाच टोचावयाचे औषध २१३४ निरोगी तरुणींना देण्यात आले आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनविण्याचा परवाना ज्या कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर ही एक आहे.

विज्ञान एवढे पुढे गेले असताना आमच्याकडे काय दिसते? गावाकडून पोटासाठी आलेल्या, एका खोलीत चौघे-पाचजण राहणाऱ्या कामगारांच्या वस्तीत कोणाविषयी नुसती कुजबुज झाली, तरी त्याची ताटवाटी वेगळी ठेवली जाते आणि घरमालक खोली रिकामी करण्यास सांगतो. ताटातून किंवा हस्तांदोलनातून हा रोग पसरत नाही, ही गोष्ट आता जुनी झाली. परंतु नियमित औषध घेणारा, विषाणू दबलेला नवरा आपल्या बायकोलाही रोग देत नाही, ही नवी गोष्ट किती जणांच्या कानी पडली आहे? मला तर वाटते, की या अज्ञानापायी रोगापेक्षा अधिक संसार मोडले असतील. नोकरी, शिक्षण, उपचार आणि भाड्याचे घर यांत अशा व्यक्तीशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केलेली आहे, आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे, हेही घरमालकांनी व कारखान्यांच्या कचेऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी ती मनात कुजवत ठेवू नये. सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रांत ही परीक्षा विनामूल्य होते आणि नाव गुप्त राहते. समुपदेशक आधी शांतपणे बोलतो, मग थोडे रक्त घेतले जाते, आणि निकालासाठी फार काळ ताटकळावे लागत नाही. पहिल्या परीक्षेत दोष दिसला तरी लगेच निदान लादले जात नाही. निराळ्या संचांनी पुन्हा पडताळणी होते. संसर्ग होण्याजोगा प्रसंग नुकताच घडून गेला असेल, तर काही आठवड्यांनी फिरून तपासणी करावी, कारण आरंभी संसर्ग रक्तात दिसेलच असे नाही. निदान झालेच, तर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातील केंद्रात औषध मोफत मिळते, आणि एकदा सुरू केलेले औषध बरे वाटू लागले म्हणून सोडावयाचे नसते. विचारण्यास संकोच वाटत असेल त्यांनी १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्यासाठी पैसे पडत नाहीत.