औषधांनी येणारा रंग आणि शिक्षकांचे कर्तव्य
(केंद्रातील शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



दातांचे आरोग्य हा विषय आपणांस नवा नाही. सकाळी व रात्री दात घासावेत, जेवणानंतर चूळ भरावी, गोड पदार्थ बेताने खावेत, हे पाठ आपण पहिलीपासून देत असता. आज मी ज्या गोष्टीसंबंधी बोलणार आहे, ती मात्र या पाठांत सहसा येत नाही. काही मुलांचे दात नियमाने घासूनही पिवळट, करडे किंवा तपकिरी दिसतात. अशा मुलास "दात न घासता आलास" म्हणून वर्गात उभे केले, तर ज्या दोषास ते मूल कारण नाही, त्याची शिक्षा त्यास भोगावी लागते. हा दोष कोठून येतो, तो कसा टाळता येतो आणि आल्यास काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रोगजंतूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबविणाऱ्या ज्या औषधांस आपण प्रतिजैविके म्हणतो, त्यांत टेट्रासायक्लिन नावाचा एक वर्ग आहे. त्यातील पहिले औषध बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविले व ते १९४८ साली जगापुढे आले. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे कार्य झाले, तेथील संशोधनाची धुरा आपल्या देशाचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वाहिली होती. त्याच्या सोनेरी रंगावरून या औषधास ऑरिओमायसिन असे नाव मिळाले. अनेक प्रकारच्या रोगजंतूंवर ते गुणकारी ठरल्याने त्याचा व त्याच्या भावंडांचा उपयोग सर्वत्र, लहान मुलांतही, होऊ लागला. परंतु १९५६ साली असे दिसून आले की, फुप्फुसांच्या दीर्घ विकारासाठी ज्या मुलांना ही औषधे पुष्कळ दिवस दिली गेली, त्यांच्या दातांना कायमचा रंग चढला आहे. पुढे ठिकठिकाणी असेच अनुभव आल्यावर लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस ही औषधे देण्याविरुद्ध इशारे देण्यात आले.

हा रंग कसा चढतो, हे समजणे कठीण नाही. टेट्रासायक्लिनला कॅल्शियमची ओढ असते. म्हणूनच ही औषधे दुधाबरोबर घेऊ नयेत असे सांगतात. दुधातील कॅल्शियमशी त्यांची गाठ पडली की ती अंगी नीट लागत नाहीत. दात घडत असतो तेव्हा त्यात कॅल्शियमचे थर बसत असतात. त्या वेळी रक्तात टेट्रासायक्लिन असेल, तर तेही कॅल्शियमबरोबर त्या थरांत जाऊन बसते. दात प्रथम पिवळा दिसतो आणि पुढे उजेड लागून लागून हळूहळू करडा किंवा तपकिरी होतो. झाडाच्या खोडातील वलयांत जसा एकेका वर्षाचा इतिहास राहतो, तसा औषध दिल्याचा काळ दातावरील आडव्या पट्ट्यांत राहतो. हा रंग दाताच्या वर नसून आत असतो. म्हणून कितीही घासले तरी तो जात नाही.

आता वयाचा विचार करू. दुधाचे दात गर्भातच, सुमारे चौथ्या महिन्यापासून, घट्ट होऊ लागतात. कायमच्या पुढच्या दातांची घडण जन्मानंतर काही महिन्यांतच सुरू होते व त्यांचा दिसणारा भाग चार-पाच वर्षांपर्यंत हिरडीखाली पूर्ण होतो. अक्कलदाढा सोडल्यास इतर दातांचे हे काम साधारण आठव्या वर्षापर्यंत चालते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक ही की, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मुलाच्या आठव्या वर्षापर्यंतचा काळ जपण्याचा आहे. दुसरी ही की, "दुधाचे दात काय, पडणारच आहेत," हे म्हणणे येथे लागू पडत नाही. कारण डाग पडतो तो न दिसणाऱ्या, घडत असलेल्या कायमच्या दातांवर. तो दिसतो मात्र पहिली ते तिसरीच्या वर्गात, नवे दात येतात तेव्हा. म्हणजे आपल्यापुढे बसलेल्या मुलाच्या पुढच्या दातांचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. आपला सल्ला उपयोगी पडतो तो त्याच्या घरच्या धाकट्या भावंडाला.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. या वर्गातील डॉक्सिसायक्लिन हे औषध कॅल्शियमशी कमी प्रमाणात जोडले जाते. स्क्रब टायफस व गोचीड-पिसवांपासून होणारे तत्सम ज्वर यांत ते प्राण वाचविणारे औषध आहे. अशा आजारांत थोड्या दिवसांसाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने लहान मुलांचे दात डागळल्याचे आढळले नाही. म्हणून २०१८ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एकवीस दिवसांपर्यंत ते कोणत्याही वयात देण्यास मान्यता दिली. तेव्हा डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध दातांच्या भीतीने बंद करणे, हा पहिल्याहून मोठा अनर्थ होय. भीती धरावयाची ती न विचारता दिलेल्या औषधाची. भातखाचरात उतरणाऱ्या प्रौढांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात. त्यातील उरलेल्या गोळ्या घरातील लहान मुलाच्या तापावर देऊ नयेत. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनने तर मूत्रपिंडासही अपाय झाल्याची उदाहरणे आहेत.

दातावरचा प्रत्येक डाग औषधाचाच असतो, असेही नव्हे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी ठिपके पडतात. ते एकाच पाणवठ्यावरच्या पुष्कळ मुलांत दिसतात, हीच त्यांची खूण. मशेरीचा काळपटपणा आणि लोहाच्या पातळ औषधाचा डाग हे वरवरचे असतात व दंतवैद्याने साफ केल्यास जातात. त्यांच्या भयाने अंगणवाडीत मिळणारे लोहाचे औषध थांबवू नये. ते पाजल्यावर चूळ भरावयास लावावी किंवा पाणी पाजावे. निदान करणे हे आपले काम नव्हे. पण हा भेद ठाऊक असल्यास मुलाला कोठे पाठवावे हे कळते.

मोठ्या माणसांतही काही औषधांनी रंग येतो. मुरमांवर महिनोन्महिने मिनोसायक्लिन घेणाऱ्यांच्या त्वचेवर, नखांवर व हिरड्यांवर निळसर-करडी छटा येऊ शकते, आणि पूर्ण वाढलेले दातही कधी रंगतात. म्हणून दीर्घकाळचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे व रंगात फरक दिसताच त्यांस दाखवावे. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात क्लोफाझिमिन असते. त्याने त्वचा तांबूस-काळी होते. उपचार संपल्यावर ती काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, पूर्वपदावर येते. हा रंग रोग वाढल्याचे चिन्ह नाही. परंतु लोक विचारू लागतील या लाजेने गोळ्या सोडल्या जातात आणि बरा होणारा रोग बरा होत नाही. क्षय व कुष्ठरोग या दोहोंतील रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते. तीही निरुपद्रवी असते.

तात्पर्य, काही रंग वरवरचा असतो, तो साफ करावा. काही रंग आत बसतो, तो आधीच टाळावा. काही रंग आवश्यक उपचाराबरोबर येतो, तो धीराने सोसावा. शिक्षकांनी यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. दातांच्या किंवा कातडीच्या रंगावरून कोणत्याही मुलास वर्गात बोलू नये व इतरांस बोलू देऊ नये. असे मूल हसताना तोंडावर हात धरू लागते आणि पुढे उत्तर देण्यासही उठत नाही. ही हानी डागापेक्षा मोठी आहे.

२. पालकसभेत मातांना सांगावे की, औषध घेताना आपण गरोदर असल्याचे किंवा मुलाचे नेमके वय डॉक्टरांस सांगावे आणि एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये.

३. प्रतिजैविकांच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते. तिची ओळख देण्याची मोहीम केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केली. वरच्या वर्गातील मुलांना ती रेघ दाखवावी आणि चिठ्ठीशिवाय असे औषध घ्यावयाचे नाही, हे शिकवावे. वाचता न येणाऱ्या आजीलाही नातू ही रेघ दाखवू शकतो.

४. डाग घालविण्यासाठी कोळसा, विटेची पूड किंवा लिंबू घासू देऊ नये. त्याने आतला रंग जात नाही, मात्र दाताचे कवच झिजते. मुलास शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी दाखवावे किंवा ग्रामीण रुग्णालयातील दंतवैद्याकडे पाठवावे. योग्य वयात दात उजळविणे किंवा त्यांवर पातळ आवरण बसविणे हे उपाय करता येतात.

५. क्षय वा कुष्ठरोगाचे उपचार घेणारे मूल वर्गात असल्यास ते गुप्त राखावे व गोळ्या चुकू देऊ नयेत. रंगाबद्दल शंका आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

बंधुभगिनींनो, गावात औषध देणारे अनेक असतात. परंतु मुलाची जन्मतारीख ज्याच्या दप्तरी आहे आणि ज्याच्या शब्दावर पालकांचा विश्वास आहे असा शिक्षकच असतो. आपण वेळीच सांगितलेले एक वाक्य, "बाळ आठ वर्षांचे झालेले नाही, हे डॉक्टरांना सांगा," एखाद्या मुलाचे जन्मभराचे हसू राखू शकते. येत्या पालकसभेत ते अवश्य सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.